भिंग बसले, तरी डोळा तोच राहतो

प्रश्न : माझे वय २६ वर्षे आहे. तिसरीत असल्यापासून मला चष्मा आहे. सध्या उजव्या डोळ्याचा नंबर उणे १२ आणि डाव्याचा उणे ११.५ असून दोन्हीकडे दीडच्या आसपास सिलिंडर (डोळ्याच्या असमान वक्रतेचा नंबर) आहे. गेली दोन वर्षे नंबर बदललेला नाही. कॉन्टॅक्ट लेन्सने डोळे कोरडे पडतात व चुरचुरतात. लेझर शस्त्रक्रियेची चौकशी केली तेव्हा माझे पारपटल (डोळ्याच्या पुढचा पारदर्शक थर, कॉर्निया) पातळ, म्हणजे ४८५ मायक्रॉन असल्याने ती करता येणार नाही, मात्र डोळ्याच्या आत भिंग बसवता येईल, असे सांगण्यात आले. माझ्या वडिलांनाही मोठा नंबर होता आणि पन्नाशीत पडदा सुटून त्यांचा एक डोळा गेला. माझ्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून लवकरात लवकर नंबर घालवावा, असे मला वाटते. वडिलांना मात्र चांगल्या डोळ्याला चीर देण्याची कल्पनाच सहन होत नाही. हे भिंग किती वर्षे टिकते, पुढे ते काढता येते का, आणि नंबर गेल्यावर दरवर्षी पडदा तपासण्याची गरज राहणार नाही ना?

उत्तर : शेवटचा प्रश्न तुम्ही ओघात विचारला आहे, पण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सुरुवात तेथूनच करते. नंबर गेल्यावर पडदा तपासण्याची गरज संपत नाही. ती आज जेवढी आहे तेवढीच शस्त्रक्रियेनंतरही राहील आणि वय वाढेल तशी वाढत जाईल. वडिलांचा डोळा ज्या कारणाने गेला त्या कारणाला हे भिंग स्पर्शही करत नाही. ही गोष्ट मनात पक्की झाल्यानंतर शस्त्रक्रिया करावीशी वाटली तर ती अवश्य करावी, परंतु वडिलांसारखे होऊ नये या एकाच हेतूने करणार असाल, तर तो हेतू या शस्त्रक्रियेने साधणार नाही.

असे का, हे समजून घेण्यासाठी मोठा नंबर नेमका कशामुळे येतो ते पाहावे लागते. प्रौढ माणसाचा डोळा समोरून मागे मोजला तर सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. ही लांबी एका मिलिमीटरने वाढली की साधारणपणे अडीच ते तीन डायऑप्टर इतका उणे नंबर येतो. या हिशेबाने तुमचे डोळे २८ ते २९ मिलिमीटरच्या घरात असावेत. नेमका आकडा तपासणीत कळेलच. नेत्रगोल असा लांबत गेला तरी त्याच्या आतून अस्तरासारखे पसरलेले दृष्टिपटल, ज्याला आपण बोलताना पडदा म्हणतो, त्या प्रमाणात वाढत नाही. ते ताणले जाते आणि जुने कापड जसे कडेला विरत जाते, तसे कडेच्या भागात विरते. डोळ्याच्या पोकळीत भरलेला जेलीसारखा पारदर्शक पदार्थ वयाबरोबर पातळ होतो आणि पडद्यापासून सुटू लागतो. मोठ्या नंबरच्या डोळ्यांत ही क्रिया इतरांपेक्षा लवकर घडते. सुटताना विरलेल्या जागी ओढ बसली तर पडद्याला फाट पडते, त्या फाटीतून पाणी मागे शिरते आणि पडदा आपल्या जागेवरून सुटतो. वडिलांच्या बाबतीत बहुधा असेच घडले असावे. आता विचार करा, डोळ्याच्या पुढच्या भागात एक भिंग बसवल्याने मागे ताणलेला पडदा पुन्हा सैल कसा होणार? प्रकाशाचे किरण पडद्यावर नीट एकत्र यावेत एवढेच काम ते भिंग करते. चष्माही तेच करतो, फक्त बाहेरून.

तुम्हाला लेझरसाठी नाही म्हणणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला योग्य होता, असे मला वाटते. लेझर शस्त्रक्रियेत पारपटलाचा थोडा थर घासून त्याची वक्रता कमी केली जाते, आणि जितका नंबर मोठा तितका अधिक थर खर्ची पडतो. सहा मिलिमीटर व्यासाच्या भागावर उपचार करायचा तर प्रत्येक डायऑप्टरमागे सुमारे १२ ते १५ मायक्रॉन जातात. चष्म्यातील उणे १२ हा नंबर पारपटलाच्या पातळीवर सुमारे साडेदहा होतो, कारण चष्म्याची काच डोळ्यापासून थोडी दूर असते. तेव्हा सव्वाशे ते दीडशेहून अधिक मायक्रॉन घासावे लागतील, घासण्यापूर्वी पारपटलाचा जो वरचा पापुद्रा उचलतात तो शंभर-एकशे दहा मायक्रॉनचा, आणि सिलिंडरसाठी लागणारा थर वेगळाच. ४८५ मधून हे सर्व वजा केले तर पापुद्र्याखाली अडीचशेही उरत नाहीत. अडीचशे ही किमान मर्यादा मानली जाते आणि अनेक शल्यविशारद तीनशेचा आग्रह धरतात. याहून पातळ झालेले पारपटल डोळ्यातील दाबाने पुढे फुगू लागण्याचा धोका असतो आणि ते नुकसान भरून काढणे अतिशय कठीण असते. आतल्या भिंगासाठी मात्र पारपटल घासावे लागत नाही, त्यामुळे तुमच्यासारख्या डोळ्यांसाठी तोच मार्ग सुचवला जातो.

पातळ पारपटलासंबंधी आणखी एक गोष्ट येथेच सांगते. ते मुळातच पातळ आहे, की शंकूसारखे पुढे येऊ लागल्याने पातळ झाले आहे, हे पारपटलाचा पूर्ण नकाशा काढून पाहायला हवे. तसा दोष असेल तर तुमचे सिलिंडर पुढे वाढत जाईल आणि आज मापाने निवडलेले भिंग उद्या चुकीचे ठरेल. शिवाय पातळ पारपटलावरून मोजलेला डोळ्याचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी नोंदला जातो. मोठ्या नंबरच्या लोकांना काचबिंदूचा धोका इतरांहून अधिक असतो, म्हणून दाबाचा आकडा पाहताना डॉक्टरांनी पारपटलाची जाडी हिशेबात घेतली आहे ना, हे जरूर विचारा.

वडिलांच्या भीतीला मी निराधार म्हणणार नाही. निरोगी नैसर्गिक भिंग जागच्या जागी ठेवून डोळ्यात दुसरे भिंग बसवण्याचे प्रयत्न १९५०च्या दशकात इटलीतील स्ट्रँपेली आणि स्पेनमधील बाराकेर यांनी केले होते. त्या काळातील भिंगे पारपटलाच्या मागच्या मोकळ्या जागेत बसवली जात. ती पारपटलाला आतून इजा करत, ते गढूळ होई आणि अनेक भिंगे पुढे काढावी लागली. याचे कारण असे की, पारपटलाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो, आणि पारपटलातील पाणी सतत बाहेर काढून ते काचेसारखे स्वच्छ ठेवण्याचे काम हा थर करतो. तरुण प्रौढ वयात एका चौरस मिलिमीटरमध्ये अशा सुमारे अडीच ते तीन हजार पेशी असतात. एकदा नष्ट झालेली पेशी माणसाच्या डोळ्यात पुन्हा तयार होत नाही. ही संख्या पाचशेच्या आसपास उतरली की पारपटल सुजून धूसर होऊ लागते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी या पेशी मोजणे आणि नंतरही ठरावीक काळाने मोजत राहणे, ही केवळ कागदोपत्री पूर्तता नव्हे. तुमच्या वयाला पेशींची संख्या पुरेशी नसेल, तर कोणी कितीही गळ घातली तरी शस्त्रक्रिया करू नये.

पुढे १९८६च्या सुमारास रशियातील फ्योदोरोव यांनी भिंग परितारिकेच्या मागे, म्हणजे डोळ्याच्या रंगीत पडद्यामागे आणि नैसर्गिक भिंगाच्या पुढे ठेवण्याचा मार्ग दाखवला. पारपटलापासून दूर असलेली हीच जागा आज सर्वाधिक वापरली जाते. परितारिकेला चिमट्यासारखे पकडून तिच्या पुढे बसणारी भिंगेही आहेत. अशा एका भिंगाला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००४ मध्ये मान्यता दिली, तर परितारिकेमागे बसणाऱ्या आयसीएल या भिंगाला २००५ मध्ये मान्यता मिळाली. तुम्हाला बहुधा हेच दुसरे भिंग सुचवले गेले असावे. ते मऊ असते, त्याची घडी घालता येते, आणि कोलेजन मिसळलेल्या पदार्थापासून ते बनवलेले असल्याने डोळा त्याला सहसा विरोध करत नाही. सुरुवातीच्या भिंगांमुळे डोळ्यातील पाण्याचा प्रवाह अडू नये म्हणून परितारिकेला आधी लेझरने छिद्रे पाडावी लागत. नंतर भिंगाच्या मध्यभागीच ०.३६ मिलिमीटरचे छिद्र ठेवण्यात आले, त्यामुळे ती गरज राहिली नाही आणि नैसर्गिक भिंगाभोवती पाणी खेळते राहू लागले. या सुधारित भिंगाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. इतर अनेक देशांत ते त्यापूर्वीच वापरात होते. अमेरिकेतील २०२२च्या मान्यतेनुसार हे भिंग २१ ते ४५ या वयोगटासाठी आहे आणि उणे ३ ते उणे १५ पर्यंतचा नंबर भरून काढण्यासाठी, तर उणे २० पर्यंतचा नंबर कमी करण्यासाठी वापरले जाते. तुमचे वय आणि नंबर या दोन्ही बाबी त्यात सहज बसतात. सिलिंडर दुरुस्त करणारा प्रकारही मिळतो आणि तुम्हाला तोच लागेल.

मात्र वय आणि नंबर जुळला म्हणजे डोळा जुळला असे नाही. पारपटलापासून नैसर्गिक भिंगापर्यंतची जागा पुरेशी खोल असावी लागते. अमेरिकी नियमात ही खोली किमान ३ मिलिमीटर धरली आहे, काही ठिकाणी २.८ पर्यंत चालते. त्याहून महत्त्वाचे असते भिंगाचे माप. बसवल्यानंतर हे भिंग नैसर्गिक भिंगाला टेकता कामा नये, आणि परितारिकेला पुढे ढकलण्याइतके वरही राहता कामा नये. दोहोंमध्ये पाव ते पाऊण मिलिमीटर अंतर राहिले तर ते चांगले मानतात. अंतर फार कमी राहिले तर नैसर्गिक भिंगावर मोतीबिंदू येऊ शकतो, आणि फार जास्त राहिले तर पाणी बाहेर पडण्याची वाट अरुंद होऊन दाब वाढू शकतो. एवढ्याशा अंतरावर सारे अवलंबून असल्याने डॉक्टरांनी मापे घेण्यास वेळ लावला तर अधीर होऊ नका. पुन्हा मोजायला बोलावले तर जा. कॉन्टॅक्ट लेन्सने पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो, म्हणून मऊ लेन्स मापापूर्वी एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून अधिक काळ बंद ठेवावी लागते. गर्भारपणात व स्तनपानाच्या काळात नंबर बदलू शकतो, तेव्हा त्या काळात ही शस्त्रक्रिया करत नाहीत.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेबद्दल फार सांगण्यासारखे नाही. थेंबांनी डोळा बधिर करतात, सुमारे तीन मिलिमीटरची चीर देऊन घडी घातलेले भिंग आत सोडतात, ते उलगडले की त्याची चार टोके परितारिकेखाली सरकवतात आणि शस्त्रक्रियेपुरता आत भरलेला जेल धुऊन काढतात. टाके सहसा लागत नाहीत. एका डोळ्याला साधारण पंधरा-वीस मिनिटे पुरतात. त्यानंतरचे काही तास मात्र महत्त्वाचे असतात, कारण जेल थोडा जरी मागे राहिला तरी डोळ्याचा दाब चढू शकतो. दाब पुन्हा मोजल्याशिवाय घरी जाण्याची घाई करू नका. डोके दुखू लागले, मळमळले किंवा डोळा ठणकू लागला तर ते सहन करत बसू नका. नंतर घालायच्या थेंबांमध्ये स्टेरॉइड असते आणि मोठ्या नंबरच्या काही डोळ्यांत त्यानेही दाब वाढतो, म्हणून थेंब सांगितले तितकेच दिवस घालावेत आणि दाबाची तपासणी चुकवू नये. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होणे दुर्मीळ आहे, परंतु झाला तर दृष्टी जाऊ शकते. पहिल्या दिवसांत वेदना, लाली आणि अंधुकपणा वाढत चालला असे दिसले तर त्याच दिवशी दाखवावे.

काही शल्यविशारद दोन्ही डोळे एकाच दिवशी करतात. मी स्वतः दोन शस्त्रक्रियांमध्ये काही दिवस ठेवावेत या मताची आहे. पहिल्या डोळ्यात भिंग किती अंतरावर बसले हे पाहून दुसऱ्याचे माप सुधारता येते, आणि संसर्गासारखे काही घडलेच तर दोन्ही डोळे एकदम संकटात येत नाहीत. मधले दिवस मात्र अवघड जातात. एक डोळा स्वच्छ पाहतो, दुसऱ्याचा नंबर पूर्वीइतकाच असतो, आणि एवढ्या फरकाचा चष्मा मेंदूला जुळवून घेता येत नाही. तेवढ्या काळासाठी त्या डोळ्याला कॉन्टॅक्ट लेन्स वापरावी लागेल किंवा एका डोळ्यावर भागवावे लागेल. मात्र लेन्स वापरायची झाली तर दुसऱ्या डोळ्याची मापे आधी घेऊन झालेली असावीत.

दृष्टीत काय फरक पडेल? चांगला पडेल. उणे १२ च्या चष्म्यातून सारे काही सुमारे एक अष्टमांशाने लहान दिसते. भिंग डोळ्याच्या आत गेले की वस्तू आपल्या खऱ्या आकाराच्या जवळ येतात, काचेच्या कडेची वाकडी रेषा नाहीशी होते, आणि काही जणांना दृष्टितक्त्यावरील एखादी ओळ अधिक वाचता येते. सकाळी डोळे उघडताच भिंतीवरचे घड्याळ दिसणे ही लहानपणापासून चष्मा असलेल्या माणसासाठी केवढी गोष्ट असते, हे मी जाणते, आणि तुम्हाला ती हवीशी वाटणे अगदी रास्त आहे. तरीही नंबर तंतोतंत शून्य होईलच, असे वचन कोणी देऊ नये. थोडा नंबर उरू शकतो, आणि सिलिंडरचे भिंग क्वचित डोळ्यात फिरते व पुन्हा सरळ करावे लागते. रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. भिंगातील छिद्रामुळे प्रकाशाची एखादी बारीक कडी दिसल्याची तक्रारही असते. बहुतेकांना काही महिन्यांत त्याची सवय होते, पण अंधारात बाहुली फार मोठी होणाऱ्यांना हा त्रास अधिक जाणवतो. रात्री गाडी चालवणे तुमच्या कामाचा भाग असेल, तर हे आधीच सांगा.

वाचनासंबंधी एक सूचना अनेकदा राहून जाते. मोठ्या उणे नंबरच्या माणसाला चष्म्यातून जवळचे पाहताना डोळ्याला तुलनेने कमी श्रम पडतात, आणि बारीक काही पाहायचे तर तो चष्मा काढून वस्तू डोळ्याजवळ धरतो. आतल्या भिंगानंतर ही दोन्ही सुखे जातात. चाळिशीत इतरांप्रमाणे, कदाचित त्यांच्याहून थोडा आधी, वाचनाचा चष्मा लागेल. आयुष्यभर चष्म्याला हात लावावा लागणार नाही, असे कोणी सांगितले असेल तर ते खरे नाही.

भिंग किती टिकते, हे तुम्ही विचारले आहे. त्याचा पदार्थ झिजत नाही आणि ठरावीक वर्षांनी बदलावा लागत नाही. त्याची मुदत ठरते ती तुमच्या नैसर्गिक भिंगावरून. वयानुसार मोतीबिंदू येईल, मोठ्या नंबरमुळे तो इतरांपेक्षा थोडा लवकर येऊ शकतो, तेव्हा हे भिंग काढून नेहमीची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करता येते. अंतर चुकले, मोतीबिंदू आला किंवा पेशी वेगाने घटू लागल्या, तर त्याआधीही ते काढता किंवा बदलता येते. पारपटल घासलेले नसल्याने पुढच्या भिंगाचा नंबर काढणेही सोपे राहते. काढता येणे हा या शस्त्रक्रियेचा मोठा गुण आहे खरा, परंतु काढणे म्हणजे डोळ्यावर आणखी एक शस्त्रक्रिया, आणि तीत काही पेशी खर्ची पडतातच. शस्त्रक्रियेपूर्वीची सर्व मापे, भिंगाचा नंबर, आकार आणि त्यासोबत मिळणारे कार्ड जपून ठेवा. वीस वर्षांनी दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांना त्यांची गरज पडेल.

माझे मत विचाराल, तर तुमच्यासारख्या व्यक्तीसाठी ही शस्त्रक्रिया योग्य ठरू शकते. वय योग्य आहे, नंबर दोन वर्षे स्थिर आहे, कॉन्टॅक्ट लेन्स सोसत नाही आणि लेझरचा मार्ग बंद आहे. पेशींची संख्या, आतली खोली, पारपटलाचा नकाशा आणि दाब ही चारही उत्तरे अनुकूल आली, तर मी तुम्हाला अडवणार नाही. परंतु या सर्वांच्या आधी बाहुली मोठी करून पडद्याची कडेपर्यंत तपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांना वडिलांची हकिकत न विसरता सांगा. फाट किंवा विरलेली धोक्याची जागा आढळली, तर तिच्याभोवती लेझरने डाग देऊन ती आधी बंदिस्त करता येते. पडद्याचा लेझर वेगळा आणि नंबरचा लेझर वेगळा, त्यामुळे पारपटल पातळ असल्याचा येथे अडसर नाही. भिंग बसल्यानंतरही दरवर्षी ही तपासणी करा. एरवी, डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागली, कडेला विजेसारखे चमकू लागले, अथवा एका बाजूने सावली सरकत आल्यासारखी वाटली, तर वार्षिक तपासणीची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. मधला भाग सुटण्याआधी पडदा बसवला, तर दृष्टी वाचण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. नंबर गेलेल्या माणसाला आपला डोळा आता निरोगी झाला असे वाटू लागते आणि तो ही चिन्हे अंगावर काढतो, याची मला खरी काळजी वाटते.

वडिलांच्या दुसऱ्या डोळ्याबद्दल तुमच्या पत्रात काही नाही. एका डोळ्याचा पडदा सुटलेल्या माणसाच्या दुसऱ्या डोळ्यालाही तोच धोका अधिक असतो, आणि आता त्यांची सारी भिस्त त्या एकावर आहे. तुमच्या तपासणीच्या दिवशी त्यांनाही बरोबर न्या. त्यांचा पडदाही तपासून होईल आणि शस्त्रक्रियेबद्दलच्या शंका त्यांना स्वतः डॉक्टरांपुढे मांडता येतील. थेंब घातल्यावर काही तास दोघांनाही नीट दिसणार नाही, तेव्हा घरी परत आणण्यासाठी तिसरे कोणीतरी सोबत असू द्या.